कारंजं, काचघर आणि केळ

इंग्लंडात सरदारांचे वाडे पाहायला निघालं की नावावर विसंबून चालत नाही. डेव्हनशायरचे ड्यूक डेव्हनशायरमध्ये राहत नाहीत. त्यांचा वाडा डर्बीशायरमध्ये, डर्वेंट नदीच्या काठी, चॅट्सवर्थला. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही नागपूरकर पिढ्यानपिढ्या पुण्यात राहतात आणि दारावर पुणेरी पाट्या लावतात. या ड्यूकांच्या कॅव्हेंडिश घराण्याने ही जागा १५४९ मध्ये घेतली आणि तिथे पाय रोवला तो कायमचा.

शेफिल्डला असणाऱ्या पुतण्याने आम्हाला तिथे नेलं, तेव्हा वाडा आतून पाहायचा नाही हे आमच्या हिने ठरवूनच टाकलं होतं. "दुसऱ्यांचे पलंग काय पाहायचे?" हा तिचा मुद्दा. नुसत्या बागेचंही तिकीट मिळतं. बाग १०५ एकरांची, आणि भोवतीच्या विस्तीर्ण कुरणात फिरायला तर पैसेच पडत नाहीत. त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन आम्ही कुरणातूनच सुरुवात केली.

संथ वाहणारी नदी, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, मधूनच झाडांचे झुबके. ही म्हणाली, "बघा, माणसाचा हात लागला नाही म्हणून कसं छान राहिलंय!"

"काकू, इथे हात लागला नाही असं काहीच नाहीये," पुतण्या म्हणाला.

ते खरंच होतं. १७६० च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन नावाच्या उद्यानकाराने इथल्या आखीवरेखीव बागा बऱ्याचशा मोडून हिरवळ केली. नदीसुद्धा डोळ्यांना बरी दिसेल अशी करून घेतली. वाड्यासमोरच्या देखाव्यात एडेन्सर नावाचं गाव येत होतं. त्यातली काही घरं आधीच गेली होती; उरलेलं गाव १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकने नजरेआड नेऊन वसवलं. कोयनेकाठची गावं पाण्याखाली गेली, हे देखाव्याखाली गेलं. पुनर्वसन मात्र झोकात झालं: एक घर स्विस धाटणीचं, दुसरं इटालियन, एकासारखं दुसरं नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांनी हे पाहू नये हेच बरं.

या सगळ्या उलाढालीत ड्यूकचा उजवा हात होता त्याचा माळी, जोसेफ पॅक्स्टन. हा गृहस्थ ९ मे १८२६ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पहाटे साडेचारला नोकरीवर हजर झाला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, बागेत फेरफटका मारला, भिंतीवर चढून परसबागेत उतरला, सहाला माणसं कामाला लावली, मग कारंजी-धबधबे सुरू करायला लावून पाहिले आणि वाड्याच्या व्यवस्थापिकेकडे न्याहारीला गेला. तिथे तिची भाची याच्या प्रेमात पडली आणि हा तिच्या. हे सगळं सकाळी नऊच्या आत. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. आम्ही नऊ वाजता अजून पुऱ्या लाटत होतो.

असा माणूस हाताशी असल्यावर ड्यूकला काय कमी? रशियाचा झार पहिला निकोलस येणार अशी आशा होती, म्हणून १८४४ मध्ये पॅक्स्टनने त्याच्या स्वागतासाठी कारंजं उभं केलं. पंप नाही, यंत्र नाही. वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खणलं आणि तिथून पाणी नळातून खाली सोडलं. त्या नुसत्या उताराच्या जोरावर धार २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार मात्र आलाच नाही. कारंज्याला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. पाहुणा येणार म्हणून श्रीखंड करून ठेवावं आणि त्याने परस्पर गावी जावं, याचं दुःख आमची ही जाणते. तिने त्या कारंज्याकडे बराच वेळ सहानुभूतीने पाहिलं.

बागेतल्या एका भल्यामोठ्या काचघराची गत त्याहून वाईट. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्यातून घोडागाडीत बसून फिरली होती. पहिल्या महायुद्धात कोळशाची ददात पडली, आतली उष्ण देशांतली झाडं थंडीने गेली, आणि १९२० मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं. आता त्या पायावर झुडपांचा भुलभुलैया आहे. मुलं आत हरवतात आणि आईबाप बाहेर निवांत बसतात, तेव्हा जागा अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

खडकांच्या बागेत पॅक्स्टनने दगडांवर दगड चढवून एक उंच कडा रचलाय. त्याला नाव वेलिंग्टनचं. हा तोच वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. राग काढायला दोनशे वर्षांचा उशीर झाला होता, म्हणून आम्ही त्याच्यासमोर पुऱ्यांचा डबा उघडला. शत्रूच्या मुलखात रसद पोचवण्याची कला एवढी तरी शाबूत आहे.

पुऱ्या खाताना पुतण्याने केळी काढली आणि सांगितलं, "काका, हीसुद्धा इथलीच." १८३० च्या आसपास पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेलं बुटक्या केळीचं रोप इथल्या उबदार काचघरात वाढवलं. १८३५ मध्ये त्याला फूल आलं. जात मूळची चीनकडची, पण नाव पडलं मालकांचं, कॅव्हेंडिश. इथली रोपं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांपर्यंत पोचली. आज जगाच्या बाजारात निर्यात होणारी केळी बहुतेक याच कुळातली. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच घराण्यातल्या.

आमच्या हिचं माहेर रावेरचं. ती ताठ बसली. "म्हणजे हे ड्यूक आमच्याकडचेच की!"

मला मात्र त्या ड्यूकची गंमत वाटली. झारासाठी तळं खणलं, झार आला नाही. राणी ज्यातून फिरली ते काचघर सुरुंगाने गेलं. जगभर पोचली ती केळ, आणि रावेरच्या बाजारात घडाचा भाव करताना कॅव्हेंडिश घराण्याची आठवण कुणी काढत नाही. मी जरा तत्त्वज्ञाच्या थाटात म्हणालो, "मोठ्या माणसांनी कारंजी बांधण्यापेक्षा एखादी केळ लावावी."

"केळ कुणीही लावेल," डब्याचं झाकण लावत ही म्हणाली. "पहाटे साडेचारला येणारा माळी मिळायला हवा. आपल्याकडचा अकराला येतो आणि आधी चहा मागतो."