प्रकरण विचाराधीन असताना

ज्याअर्थी अमेरिकेत पीएचडीला अर्ज करणाऱ्या मुलामुलींना सल्ला देणारे लोक गल्लोगल्ली उपलब्ध आहेत, आणि ज्याअर्थी त्यांच्या वडिलांनी डिसेंबर ते एप्रिल या काळात कसे वागावे याबाबत कोणत्याही खात्याचे परिपत्रक अस्तित्वात नाही, त्याअर्थी खाली सही करणार हे परिपत्रक स्वतःच्या जबाबदारीवर निर्गमित करीत आहे. खाली सही करणार एका जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून एकतीस वर्षांच्या सेवेनंतर कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाला असून, इतरांना वाट पाहायला लावण्याचा त्याचा अनुभव दांडगा आहे. स्वतः वाट पाहण्याचा अनुभव पाच महिन्यांचा.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. कन्या एम.एस्सी. कृषी, विषय वनस्पती रोगशास्त्र, गाव तासगावकडचं. तिला संशोधन करायचंय द्राक्षावरच्या डाऊनीवर, ज्याला आमचा थोरला भाऊ तात्या दावण्या म्हणतो आणि पुढे एक शिवी जोडतो. हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८७०च्या दशकात तो फ्रान्सला पोचला, तिथल्या बागा झोपवल्या, १८८५च्या सुमारास बोर्डो मिश्रणाचा गुण कळला तेव्हा कुठं आवरला. आणि फिरत फिरत आमच्या तात्याच्या बागेत येऊन बसला. त्याला कुणी उद्देशपत्र मागितलं नाही, शिफारस मागितली नाही, व्हिसा मागितला नाही. त्याच्या मागावर उलट्या दिशेनं निघालेल्या मुलीला मात्र आठ अर्ज आणि चोवीस शिफारसपत्रं.

कलम १ : फी. आमच्या काळी अर्जाला पाच रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागायचं आणि तेही चिकटवायला लोक कुरकुरायचे. इथं एका अर्जाला पंचाहत्तर डॉलरपासून पुढे. नापसंत झाला तर फी परत नाही, याची खातरजमा वडिलांनी एकदाच करावी, दर अर्जाला करू नये. फी माफीसाठी विभागाला साधा मेल करता येतो, हे मात्र खरंच करून बघावं. कन्येनं दोन ठिकाणी केला, दोन्ही ठिकाणी माफ झाली. आयुष्यभर सवलतींचे अर्ज हाताळलेल्या बापाला हे सुचलं नाही, याची नोंद सेवापुस्तकात घ्यावी.

कलम २ : शिफारसपत्र. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं सांगणाऱ्या सरांकडून घेऊ नये. अशा पत्रात सगळीच मुलं कष्टाळू आणि प्रामाणिक असतात. ज्या बाईंनी तिला प्रयोगशाळेत दोनदा रडवलं, त्यांचं पत्र सर्वांत चांगलं गेलं असावं असा माझा संशय आहे.

कलम ३ : घड्याळ. हे कलम मोठं आहे, कारण माझं जास्तीत जास्त नुकसान इथं झालं. न्यूयॉर्कच्या बाजूचं ऑफिस सकाळी नवाला उघडतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ते बंद होतं पहाटे साडेतीनला. कॅलिफोर्निया तर आपल्या सकाळी साडेसहापर्यंत चालू. म्हणजे भारतीय बापाला फुकटची रात्रपाळी. सोमवारी दिवसभर मेल बघण्यात अर्थ नाही. तिकडे रविवार नाहीतर रविवारची रात्र चालू असते. उलट शनिवारी पहाटे बेसावध राहू नये, कारण आठवड्याचं साचलेलं टपाल शुक्रवारी संध्याकाळी बाहेर काढणं ही जगभरच्या कचेऱ्यांची रीत आहे. मी स्वतः असंच करत असे. नकोशी पत्रं शुक्रवारी पाच वाजता जावक करायची आणि बस पकडायची.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती माणसं घड्याळ एक तास पुढं करतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी सगळ्या देशाला तासभर लवकर कामावर आलेला समजत होतो.

कलम ४ : "अंडर रिव्ह्यू". पोर्टलवर हे दोन शब्द जानेवारीत होते, फेब्रुवारीत होते, मार्चमध्येही होते. कन्या म्हणाली, "बाबा, याचा नेमका अर्थ काय असेल?" मी घसा खाकरून सांगितलं, "विचाराधीन." मग तिनं विचारलं, "तुम्ही लिहायचात तेव्हा काय अर्थ असायचा?"

मी विषय बदलला. आता सांगतो. एक गुरुजी होते. त्यांच्या आजारपणाच्या बिलाची फाईल माझ्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी छत्री आणि पिशवी घेऊन एसटीनं यायचे, बाकावर बसायचे आणि मी मान वर न करता "विचाराधीन आहे" म्हणायचो. चौदा महिने. फाईल माझ्याच कपाटात होती, एक दाखला कमी होता, आणि कुठला, ते सांगायला मला वेळ झाला नव्हता. यापुढे मला काही म्हणायचं नाही. पोर्टलवर मात्र कागद कमी असेल तर लाल अक्षरात दिसतं, एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे. ते दिसतंय का, हे अर्ज केल्यावर आठवड्याच्या आत तपासावं. गुणपत्रकांचे उतारे आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे दोन कागद बहुधा तिथं अडकतात.

कलम ५ : नातेवाईक. प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तयार ठेवावीत.

"काय म्हणतीय अमेरिका?" : काही नाही.

"पीएचडी म्हणजे डॉक्टर, मग औषध लिहून देता येतं का?" : द्राक्षांना.

"एमपीएससी का देत नाही?" : चहा घ्या.

"अजून किती वर्षं?" : यावर घरातून बाहेर पडावं.

कलम ६ : मुलाखत. झूमवर रात्री साडेदहाला. इन्व्हर्टरची बॅटरी दुपारीच बघून ठेवावी, कुकर लावू नये, आणि पाणी प्यायला जायचं झालं तर कॅमेऱ्याच्या खालून रांगत जावं. मी गेलो. प्राध्यापकांना दिसलो. त्यांनी हात हलवला.

कलम ७ : नकार. यातली भाषा मला अपरिचित नव्हती. अर्जांची संख्या मोठी, उमेदवार उत्तम, जागा मोजक्या, सबब कळविण्यास खेद वाटतो. मसुदा निर्दोष. फक्त जावक क्रमांक नाही, आणि पुनर्विचारासाठी कोणाकडे अपील करावं हे नमूद नाही. मी कन्येला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. भागवतांची कमला. १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, ती सत्याग्रहाला बसली, हटली नाही, शेवटी वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर घ्यावं लागलं, आणि पुढे १९३९ला केंब्रिजची पीएचडी. कन्येनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पोर्टलसमोर सत्याग्रह करता येत नाही."

पहिला नकार एका शनिवारी पहाटे आला. मला तो रात्री कळला. दिवसभर ती नेहमीसारखी वावरली, सकाळी आम्हा दोघांना चहा करून दिला, दुपारी तात्याच्या बागेत पानं गोळा करायला गेली. रात्री जेवणं झाल्यावर सहज सांगितल्यासारखं सांगितलं. सौ. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "तुम्हाला कसं सांगायचं, हेच दिवसभर चाललं होतं तिचं."

यावरून नियम काढता येईल. मला काढवत नाही.

कलम ८ : रद्द. (हे कलम "वडिलांनी दर दोन तासांनी विचारपूस करणे" याविषयी होते.)

कलम ९ : नोंदवही. कन्येनं फेब्रुवारीत मला कॉम्प्युटरवर एक तक्ता करून दिला. विद्यापीठ, शेवटची तारीख, मुलाखत, स्थिती, शेरा. म्हणाली, "बाबा, हे काम तुमच्याकडे. मला जमत नाही." मी अत्यंत गांभीर्यानं ते चालवलं. हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग दिले. मार्चअखेरीस माझ्या लक्षात आलं की तिनं तो तक्ता एकदाही उघडलेला नाही. तिला सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या. मला रिकामं बसू द्यायचं नव्हतं, एवढंच. कार्यालयात नको असलेल्या माणसाला मीही अभिलेख वर्गीकरणाला बसवत असे.

तात्याला यातलं काही करावं लागलं नाही. ऑक्टोबरात त्यानं छाटणी घेतली, कन्येनं अर्ज भरायला घेतले. तिच्या मुलाखती चालू होत्या तेव्हा त्याचा माल भरत होता. मार्चमध्ये ढग आले की तो बांधावर उभा राहून नुसता वर बघायचा. "तुला झोप कशी येते रे?" मी विचारलं. म्हणाला, "न यायला काय झालंय? जागून ढग हटत्यात व्हय?"

कलम १० : प्रतीक्षायादी. एका विद्यापीठानं कन्येला यादीत ठेवलं. कितवी, ते सांगितलं नाही. मी सांगायला लावणार होतो, मसुदाही तयार होता. भारतीय रेल्वेवर आपण इतकी टीका करतो, पण ती आकडा सांगते.

कलम ११ : निवड. मार्चअखेर तीन होकार आले आणि मला वाटलं, सुटलो. इथून खरा ताप सुरू होतो. एक कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. दुसरं कॉर्नेलचं, पण राहायचं जिनिव्हाला. मी सगळ्या पाहुण्यांना स्वित्झर्लंड म्हणून कळवलं, नंतर समजलं की हे जिनिव्हा न्यूयॉर्क राज्यात आहे, तळ्याकाठी, आणि तिथं द्राक्षावर काम चालतं. तिसऱ्याचं नाव सांगत नाही.

वडिलांचे निकष : बर्फ किती, मराठी मंडळ आहे का, विमानतळ किती लांब. हे कागदावर लिहून स्वतःच्या खिशात ठेवावेत. कन्येचे निकष मी बाजूला बसून ऐकले, ते देतो, कारण तेवढेच उपयोगाचे आहेत. विद्यावेतनाचा आकडा बघायचा नाही, त्यातून घरभाडं वजा करून उरतं ते बघायचं. ते नऊ महिन्यांचं आहे की बारा, हे विचारायचं, नाहीतर उन्हाळ्यात माणूस उपाशी. शिकवणीची फी माफ असली तरी वर कसली शुल्कं आहेत, आरोग्यविमा कोण भरतं, किती वर्षांची हमी आहे, हे सगळं पत्रात लिहून घ्यायचं. २०२५ साली तिकडे संशोधनाच्या निधीला कात्री लागली तेव्हा काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागं घेतले गेले; तेव्हा पैसा नेमका कुठून येतो हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि प्राध्यापकांच्या हाताखालच्या मुलांशी बोलायचं, प्राध्यापक समोर नसताना.

तिसऱ्या ठिकाणच्या मुलाशी ती अर्धा तास बोलली. तो म्हणाला, सर फार हुशार आहेत, पण... आणि थांबला. मग हवामानाबद्दल बोलला. फोन ठेवल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. टिपणीत "तथापि" आला की प्रकरण कुठं जातं, हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षांतला माझा तेवढा एक अनुभव तिच्या कामी आला.

उरली दोन. माझा कौल उन्हाकडे होता. तिनं जिनिव्हा घेतलं. म्हणाली, कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा, तिथं दावण्या फारसा टिकत नाही. न्यूयॉर्कला पाऊसपाणी, तिथं तो मनसोक्त येतो. मला हे कारण पटायला दोन दिवस लागले. तात्याला दोन सेकंद. "रोग जिथं, डॉक्टर तिथं," म्हणाला आणि खरड छाटणीच्या मजुरांना फोन लावायला उठला.

कलम १२ : १५ एप्रिल. आर्थिक मदतीसह दिलेल्या होकारावर त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करू नये, असा तिकडच्या बहुतेक विद्यापीठांचा ठराव आहे. सहीनिशी, तारखेसह. असा ठराव आमच्या जिल्हा परिषदेत आला असता तर आम्ही तो पुढील सभेसाठी ठेवला असता. मुदत असेपर्यंत ताणावी असं माझं मत होतं; हातात दोन होकार असणं कुणाला नको असतं? कन्येनं ९ तारखेच्या रात्री एकाला हो लिहिलं आणि लगेच बाकी दोघांना नाही. एवढी घाई कशाला, मी म्हटलं. ती लॅपटॉप मिटत म्हणाली, "तिथं कुणीतरी वेटिंगवर असेल ना, बाबा. मी कळवल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

मी आत जाऊन पाणी प्यालो. रांगत नाही, उभा.

प्रस्तुत परिपत्रक येथे संपते. पुढील महिन्यात व्हिसाची मुलाखत आहे, मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. वडिलांना आत घेत नाहीत, फुटपाथवर उभं राहावं लागतं, अशी माहिती मिळाली आहे. कन्या म्हणते, मी एकटी जाईन. मी महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. वेटिंग १४ आणि १५.