चढणीचे मासे, उतरणीचे आम्ही

परदेशातून येणाऱ्या वस्तूंशी आमच्या घराचं जुनं वाकडं आहे. भाच्यानं पहिल्या खेपेला पाव भाजायचं यंत्र आणलं. त्यात ही आता वीजबिलं ठेवते. दुसऱ्या खेपेला झोपेत किती वेळा कूस बदलली ते मोजणारं मनगटी घड्याळ आणलं; ते बांधल्या रात्री मला झोपच लागली नाही, त्यामुळे मोजण्याचा प्रश्न मिटला. तिसऱ्या खेपेला, म्हणजे गेल्या मे महिन्यात, त्यानं एक लांबलचक नळकांडं माझ्या हाती ठेवलं आणि म्हणाला, "मामा, रिटायर झालात. काहीतरी छंद हवा."

नळकांड्यात चार तुकड्यांची नऊ फुटी काठी निघाली. मासे धरायची. मी मासे खात नाही. धर्म आड येत नाही, काटा आड येतो. सातवीत असताना एक घशात अडकला होता, तेव्हापासून आमचा आणि मत्स्यकुळाचा परस्पर संमतीनं फारकतनामा झालेला आहे.

भाचा सिएटलला असतो. तिकडे स्टीलहेड नावाचा मासा आहे आणि तो वॉशिंग्टन राज्याचा राज्यमासा आहे. खरं तर हा इंद्रधनुषी ट्राउटच. पण ट्राउट जन्मला त्या नदीत आयुष्य काढतो आणि स्टीलहेड समुद्रावर जाऊन धष्टपुष्ट होऊन अंडी घालायला पुन्हा गावच्या ओढ्यात परततो. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ सिन्नर फाट्यावर दुकान चालवतो आणि दुसरा सिएटलला जातो, तसं. फरक इतकाच की मासा परत येतो.

तो येतो तोही ऐन हिवाळ्यात, पावसात, बर्फाळ पाण्यात. मग ही मंडळी छातीपर्यंत रबरी विजार चढवून त्या पाण्यात दिवसदिवस उभी. त्याला म्हणतातच हजार फेकींचा मासा. भाच्याला तीन हिवाळ्यांत एक लागला. मूळचा नदीचा होता, मत्स्यशाळेत वाढवलेला नव्हता, म्हणून कायद्याप्रमाणे त्यानं तो सोडून दिला. हे ऐकून माझी बहीण फोनवर इतक्या जोरात ओरडली की तिला फोनची गरज नव्हती : "तीन वर्षांनी एक मिळाला, आणि सोडलास?"

आता तंत्र सांगतो, कारण मी ते दोन महिने शिकलो आणि कुणीतरी ऐकलंच पाहिजे. आपल्या गळाला शिसं असतं, भिरकावला की जातो. या प्रकारात गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, तिला वजनच नाही. वजन असतं ते दोरीला. काठी मागे न्यायची, थांबायचं, मागे दोरी हवेत सरळ होऊ द्यायची, आणि मग पुढे. सगळी मेख त्या थांबण्यात. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला थांबणं शिकवावं लागू नये, पण गच्चीवरच्या सरावात मी पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या कुरडयांचं प्लास्टिक, दुसऱ्यात त्यांची डिश आणि तिसऱ्यात खुद्द शेजारी धरले. तिघांनाही सोडून दिलं.

माश्या मी घरीच बांधल्या. एके काळी विलायतेतले लोक या कामासाठी आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची पिसं बोटीनं मागवत. आता ती निर्यात बंद आहे. मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून पिसं मागितली. त्यानं ती फुकट दिली आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतो.

राहिला प्रश्न माशाचा. ट्राउटला थंड पाणी लागतं. इंग्रजांनी त्याची अंडी आणून काश्मीर आणि निलगिरीतल्या थंड पाण्यात वाढवली, नाशकाच्या वाटेला कुणी आलं नाही. आपला मानाचा मासा खडस, म्हणजे महसीर. कर्नल साइक्सनं १८३९ साली त्याचं शास्त्रीय बारसं केलं तेव्हा 'खुद्री' हे इथलं नावच लॅटिनच्या शेपटीला बांधलं. पण तो बघायचा तर टाटांनी लोणावळ्याला त्याची पैदास केली आहे तिकडे जावं. आमच्या गंगेत (नाशिककर गोदावरीला गोदावरी फक्त अर्जात म्हणतात) रामकुंडाच्या आसपास तळालाच काँक्रीट घातलेलं. खाली पाणवेली. तिथे माझ्या गळाला फार तर कुणाचं तरी निर्माल्य लागलं असतं.

"दाजी, चढणीचे मासे!" मेव्हणे म्हणाले. मेव्हणे घोटीकडचे, त्यामुळे पावसाच्या बाबतीत त्यांचा शब्द अंतिम. पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरले की मासे नदी सोडून प्रवाहाच्या उलट वर चढतात. ओढ्यातून ओहळात, ओहळातून भाताच्या खाचरात, अंडी घालायला. मला एकदम साक्षात्कार झाला. हे तर आमचे स्टीलहेड! समुद्राच्या जागी दारणा नदी, इतकंच.

यंदा पाऊस उशिरा आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हवामान खात्यानं घाटमाथ्याला नारंगी इशारा दिला आणि मी बॅग भरली. "इशारा लोकांनी बाहेर पडू नये म्हणून देतात," ही म्हणाली. मी म्हणालो, तो सामान्यांसाठी. "मासा आणलात तर तुमचा तुम्ही साफ करायचा," असा आशीर्वाद घेऊन निघालो.

छातीपर्यंतची रबरी विजार पाठवायला भाचा विसरला होता. मेव्हण्यांनी आपले गमबूट दिले. "नवे आहेत हां दाजी. साडेचारशेचे."

नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३००० च्या घरात. हा फरक आकड्यात वाचून कळत नाही. पाथर्डी फाट्याला शिंतोडे, वाडीवऱ्ह्याला वायपर, मुंढेगावला दिवे आणि घोटीला देव. तिथून महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, दिसतं म्हणे. आम्हाला पुढचा टेम्पो दिसत नव्हता.

गाडी एका पाड्याशी लावली. समोर दारणेला मिळणारा ओहळ चहासारखा रंग घेऊन धावत होता. दोन्ही अंगांना खाचरं, त्यात आवणी चाललेली. पंधरावीस बाया, कुणाच्या डोक्यावर इरलं, कुणाच्या प्लास्टिकची खोळ, कमरेत वाकून ओळीनं मागेमागे सरकत रोपं लावत होत्या. मी बांधावर उभा राहून काठी जोडायला घेतली तशी ओळ थांबली. आवणीत ओळ थांबत नाही, असं मेव्हण्यांनी मला नंतर सांगितलं.

पहिली फेक. काठी मागे, थांबलो. मागे वाऱ्यानं दोरी सरळ व्हायच्या ऐवजी माझ्या रेनकोटात शिरली आणि गळ पाठीत, दोन खांद्यांच्या बरोब्बर मधे, जिथे माणसाचा स्वतःचा हात देवानं पोचू दिलेला नाही तिथे रुतला. मी तो पाहायला वळलो. पाठ पाहायला माणूस वळतो तेव्हा पाठही वळते, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी समजलं. दुसऱ्या गिरकीला बांध संपला.

खाचरात मी उभाच उतरलो, ही एक जमेची बाजू. चिखलणी केलेल्या खाचराला तळ नसतो, फक्त मत असतं. डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला, उजवा त्याच्या सोबतीला. डावा उपसायला जोर केला की उजवा खाली, उजवा उपसला की डावा. मेव्हण्यांनी बांधावरून काठी धरून ओढलं. तिचे शिस्तीत चार तुकडे झाले आणि ते तीन तुकडे घेऊन पलीकडच्या खाचरात बसले.

"हलू नका भाऊ!" एक म्हातारी ओळीतून ओरडली. "हलाल तसं खाली जाल. बूट सोडा, पाय काढा."

"बूट सोडायचा नाही!" पलीकडून मेव्हणे. "सहाशेचे आहेत!"

बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. अशा हसण्याला इलाज नसतो; त्यात सामील व्हावं, पण पाठीतला गळ हसलं की टोचत होता. वरून पाऊस मोजून मापून नव्हे, ओतून पडत होता. गमबुटात पाणी भरलं आणि मी कुंडीतल्या झाडासारखा, मुळाशी ओल धरून, गंभीर उभा राहिलो. चाळीस मिनिटं. मी तेवढा वेळ एका जागी फक्त लग्नात उभा होतो.

आणि तेव्हा वरच्या खाचराचा बांध फुटल्यागत पाण्याचा लोंढा आला आणि माझ्या गुडघ्यांना काहीतरी धडकलं. मग दुसरं. मग चारसहा एकदम. मळे, मुरे, शिंगटे, बोटाएवढे, वितीएवढे, त्या लोंढ्याच्या तोंडावर, वरच्या दिशेनं. पाणी त्यांना मागे फेकत होतं आणि ते पुन्हा येत होते. माझ्या दोन पायांमधल्या फटीतून, जणू ती त्यांच्यासाठीच ठेवलेली कमान. एक मुरा गुडघ्यावर आपटला, उलटा पडला, सावरला, गेला. मी दोन महिने गच्चीवर ज्यांच्यासाठी खोटी माशी नाचवत होतो ते माझ्याकडे न बघता माझ्यातून चालले होते. त्यांच्यासाठी हे हवामान खराब नव्हतंच. त्यांनी वर्षभर याचीच वाट पाहिली होती.

बांधाला पाणी उतरायला ठेवलेल्या तोंडाशी एका पोरानं बांबूची टोपली लावली होती. कसली काठी नि कसलं थांबणं! पाच मिनिटांत टोपली जिवंत. म्हातारीनं हात घालून एक फुगलेला मासा उचलला, अंगठ्यानं पोट चाचपलं.

"गाभोळीनं भरलीय," म्हणाली, आणि वरच्या खाचरात सोडली. "समद्याच धरल्या तर पुढच्या साली काय, तुमाला धरायचं?"

बाकीचे तिनं बिनदिक्कत ठेवले.

मला बहिणीची आठवण झाली. भाच्यानं तिला सिएटलला बॅलार्डचे जलपाश, म्हणजे बोटी खालीवर करणारे पाण्याचे दरवाजे, दाखवायला नेलं होतं. १९१७ साली ते बांधले तेव्हाच तिथे माशांना वर चढायला पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवली. आज काचेतून ते मासे चढताना पाहायला माणसं रांग लावतात. आमचं दारणा धरण १९१६ चं. त्याच्या भिंतीशी येऊन जो मासा थांबतो, त्यानं कुठे अर्ज करायचा? शिवाय आता हमरस्त्याला 'निसर्गाच्या कुशीत प्लॉट' असे फलक, आणि त्या कुशीला दगडी कुंपणाची भिंत, ओहळ आडवून. हे बोलून दाखवलं असतं, पण गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या माणसाच्या तक्रारीला वजन नसतं.

शेवटी मी डावा बूट सोडला. पाय बाटलीच्या बुचासारखा आवाज करत निघाला. उजवा बुटासकट आला. पाठीतला गळ त्या पोरानं रेनकोटासकट कापून काढला आणि पिसांची माशी उलटीसुलटी पाहून विचारलं, "ह्या गढूळ पाण्यात माशाला ही दिसती कशी?" हा प्रश्न दोन महिन्यांत मला पडला नव्हता. पुढे फोनवर भाचाही तेच म्हणाला, पण त्याला अमेरिकेत जावं लागलं.

परतताना मेव्हणे एकच वाक्य बोलले. "आठशेचे होते."

दिवाळीनंतर भातकापणीला त्यांनी मला ओढतच नेलं. खाचर आता वाळून कठीण झालेलं, भात सोनेरी होऊन वाकलेला. म्हातारीनं विळ्यानंच जागा दाखवली. बूट होता तिथेच होता, गळ्यापर्यंत जमिनीत. आणि त्याच्या तोंडातून चार ताटं वर आलेली, लोंब्या भरलेल्या.

"ओळीत आला, मग त्यातबी लावलं," ती म्हणाली. "जागा कशाला सोडायची?"

मेव्हण्यांनी वाकून बूट हलवून पाहिला. मग हात झटकले.

"राहू द्या दाजी," ते म्हणाले. "तसा जुनाच होता."

मी फोटो काढून सिएटलला पाठवला. रात्री उत्तर आलं : "मामा, भारी! सोडून दिलात ना?"

दिला, म्हणून कळवलं.