फत्तरगुरुजी

आमच्या डोळखांबात कुणी नवं घर बांधलं की वास्तुशांतीच्या आमंत्रणांची यादी करताना एका नावापाशी पेन अडतं. बोलवावं तर ओट्याचं काही खरं नाही. न बोलवावं तर ते आपण होऊन येतातच. हे फत्तरगुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, तेव्हा त्यांना कुणी काही नाव ठेवलं नव्हतं. हे नाव निवृत्तीनंतर पडलं, आणि त्यांना ते माहीत आहे. आवडतं, असाही माझा संशय आहे.

आमच्या चुलत वहिनीच्या वास्तुशांतीला ते आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले. सत्यनारायणाला हात जोडायचे बाहेरच राहिले. खिशातून सोनाराचं असतं तसलं दहापटीचं भिंग काढलं, शिऱ्याचं पातेलं कोपराने बाजूला सारलं आणि ओट्यावर गाल टेकला. काळाभोर ओटा, त्यात सोनेरी ठिपके. वहिनी कौतुकाच्या अपेक्षेने उभी.

“सूनबाई, हा ग्रॅनाइट नाही.”

“असं कसं गुरुजी? बिलावर लिहिलंय. ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइट.”

“बिल ग्रॅनाइटचं आहे, दगड गॅब्रोचा आहे. आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून आलेला. ग्रॅनाइटात क्वार्ट्झ लागतो, यात नावाला नाही. आणि हे सोनं नव्हे, ब्रॉन्झाइट.”

एवढ्यावर थांबते तर ते गुरुजी कसले! खिडकीतून समोर आजोबाचा डोंगर दिसत होता. त्याच्याकडे हात करून म्हणाले, “तो बेसॉल्ट, हा गॅब्रो. रस एकच. तो लाव्हा होऊन बाहेर आला आणि चटकन थंड झाला, म्हणून त्याचे कण दिसत नाहीत. हा पोटातच राहिला, सावकाश निवला, म्हणून कण टपोरे. आजोबाचं आणि तुमच्या ओट्याचं गोत्र एक! भाडं भरून आंध्रातून चुलतभाऊ आणलात.”

वहिनी अजूनही त्या ओट्याला मनातल्या मनात दुकानदाराच्या नावाने घासते.

गुरुजींचं खरं दुःख भूगोलाचं आहे. शहापूर-मुरबाडकडची सगळी भुई बेसॉल्टची. माहुली घ्या, आजोबा घ्या, नाणेघाट घ्या. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतलेले लाव्हाचे थर. पाटा-वरवंटा त्याचा, जातं त्याचं, रस्त्याची खडी त्याची. ग्रॅनाइट म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. हा माणूस त्या गावी जन्मला आणि पडला प्रेमात ग्रॅनाइटच्या!

हे झालं हंपीला. निवृत्त शिक्षकांची सहल गेली होती. बाकीच्यांनी विरूपाक्ष पाहिला, दगडी रथापुढे फोटो काढले. गुरुजी बसमधून उतरले ते त्या अजस्र धोंड्यांसमोर तोंड उघडं टाकून उभे राहिले. सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा खडक! परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगातून नारळाएवढा गुलाबी धोंडा उचलला आणि काकूंच्या शालीत गुंडाळून आणला. आसनगावला उतरल्यावर काकूंना पिशवी उचलेना, तेव्हा उलगडा झाला. हल्ली तो तुळशीवृंदावनापाशी असतो. त्याला रोज अंघोळ. भाविक समजूत करून घेऊन दोन-चार बायकांनी हळदकुंकूही वाहिलं. गुरुजींनी ते ब्रशने धुऊन काढलं. “ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही,” ते म्हणतात, आणि रस्त्यात पाणी नसलं तर सरळ चाटतात. एसटीच्या थांब्यावर ते खडा चाटताना मी स्वतः पाहिले आहेत. एका कंडक्टरने मिठाची पुडी पुढे केली होती.

पण शिकवतात झकास, हे कबूल केलं पाहिजे. सकाळच्या उन्हात त्यांनी तो धोंडा माझ्या हातात दिला आणि हळूहळू फिरवायला सांगितलं. एक गुलाबी दाणा आरशाच्या तुकड्यासारखा चमकला आणि विझला. “तो फेल्डस्पार. सपाट फुटतो, म्हणून एकाच कोनात लखलखतो. आता त्याच्याशेजारचा करडा बघ. कसाही फिरव, नुसता तेलकट. तो क्वार्ट्झ. आपली गारगोटी. काचेसारखा वेडावाकडा फुटतो, त्याला चमकायला सपाट अंगच नाही.” मग काळ्या ठिपक्याला सुई लावली. पापुद्रा सुटला. “अभ्रक. नसता सुटला तर हॉर्नब्लेंड.” मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा दगडाकडे पाहत होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारचं जेवण हुकलं असतं.

एकादशीला त्यांच्या घरी जाऊ नये. काकूंची साबुदाण्याची खिचडी ताटात पडली की गुरुजी चमच्याने तिची वर्गवारी करायला लागतात. साबुदाणा म्हणजे क्वार्ट्झ: शेवटी जमतो, उरलेल्या फटी भरतो. शेंगदाणा म्हणजे गुलाबी ऑर्थोक्लेज, बटाटा म्हणजे पांढरा प्लॅजिओक्लेज, करपलेलं जिरं ते अभ्रक.

“साबुदाणा पाचातला एक भाग तरी हवा. नाहीतर ग्रॅनाइट म्हणवून घ्यायचं नाही. आणि बटाटा शेंगदाण्याच्या जवळजवळ दुप्पट झाला, की तो ग्रॅनोडायोराइट.”

“आणि गार झाली की बेसॉल्ट,” काकू तव्याकडून म्हणाल्या. “जेवा आता.”

गुरुजी खिचडी विसरून बायकोकडे बघत राहिले. इतकं प्रेमळ बघताना मी त्यांना त्या धोंड्याखेरीज कुणाकडे पाहिलेलं नाही.

परवाच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या वावरात बोअरची गाडी आली. गाडी तमिळनाडूची, तिरुचेंगोडची. गुरुजी टोपी घालून पहाटेपासून हजर. नळीतून काळी भुकटी उडायची, ती मुठीत धरून भिंगाखाली. मध्येच लाल निघाली. शेतकरी हरखला. गुरुजींनी मान हलवली, “दोन लाव्हांच्या मधली भाजकी माती. पुढे पुन्हा बेसॉल्टच.” तीनशे फूट झालं, पाण्याचा थेंब नाही. शेतकरी फुटाचा दर मनात गुणत घामाघूम. गाडीवाल्याने कंप्रेसर बंद करायला हात नेला तसे गुरुजी ओरडले, “थांबवू नका! कोयनेला 2017 मध्ये तीन किलोमीटर खाली गेले. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपला आणि लागला!”

“पाणी?” शेतकरी म्हणाला.

“ग्रॅनाइट.”

शेतकरी काय बोलला ते इथे छापता येणार नाही. पण गाडीवरच्या पोऱ्याने तो एकच शब्द ओळखला. हसून म्हणाला, आमच्याकडे पहिल्या फुटापासून तोच. गुरुजींच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी वर्णन करू शकत नाही. पोऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्याला घरी नेलं, तुळशीपाशी उभं केलं, धोंड्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि गुलाबी दाणे उजळल्यावर बाजूला झाले.

पोऱ्याने वाकून नीट बघितलं. अंगठ्याने चाचपलं.

“बहुत खराब पत्थर है ये, सर,” तो म्हणाला. “बिट खा जाता है.”

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. आतून काकूंनी विचारलं, पाहुण्याच्या चहात साखर किती.