उडवा की जरा!

पक्षी बघायला जायचं म्हटलं की आमच्या घरात उत्साहाला तोटा नसतो. तोटा असतो तो पक्षी बघण्याच्या इच्छेचा.

थंडी पडली की घरच्या ग्रुपवर कुणीतरी भिगवणची टूम काढतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत, पुण्याहून शंभरेक किलोमीटर, सहज जाऊन येऊ. पहाटे पाचला निघायचं, हेही एकमताने ठरतं. मग पाचला आत्या केस धुवायला घेते, सहाला साडू गाडीत हवा भरायला जातात आणि सोलापूर रस्त्याला लागतो न लागतो तोच सगळ्यांना एकदम भूक लागते. पक्ष्यांची न्याहरी तोवर उरकलेली असते.

कुंभारगावच्या काठावर होडीत बसताना साडू भडक नारिंगी जॅकेट चढवतात. भाचा स्पीकर आणतो, कारण नुसतं बसून कंटाळा येतो. दुर्बीण एकच, माझी. जो घेतो तो आधी तिचं चाक फिरवून टाकतो आणि मग काही दिसत नाही म्हणून मलाच परत देतो. "दोन वाजताच्या दिशेला बघा," असं मी म्हटलं की साडू मनगटाकडे बघतात. "आत्ता तर दहा वाजलेत."

आमच्याकडचं वर्गीकरण सुटसुटीत आहे. पोहतं ते बदक, उभा असतो तो बगळा. शेकाट्या, मोर शराटी, सगळ्यांची सोय यात होते. पट्टकादंब दाखवला, डोक्यावरचे दोन काळे पट्टे दाखवले, हा हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे, असंही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बदकच ना?" चित्रबलाकाच्या शेपटीजवळ थोडा गुलाबी रंग असतो, तेवढ्यावर त्याचा फोटो 'फ्लेमिंगो!!!' म्हणून ग्रुपवर गेला. मी दुरुस्ती केली, तर ग्रुपवर मलाच शिष्ट ठरवण्यात आलं.

पण खरी तक्रार पुढेच आहे. रोहित एकदाचे दिसतात, आणि आमची मंडळी नाराज होतात. गुलाबी नाहीत! मोठा रोहित उभा असताना बराचसा पांढरटच दिसतो. त्याचा लाल-गुलाबी रंग आणि काळी किनार पंख उघडल्यावरच नीट दिसते. वयात न आलेली पिल्लं तर मळकट करडी असतात. गुलाबी रंगही खाण्यातून येतो, म्हणून स्वारी दिवसाचा बराच वेळ डोकं पाण्यात घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत असते. "तोंडच दाखवत नाहीत मेले," आत्या म्हणाली.

मग ती मागणी येते, जी त्या पाण्यावर बहुधा प्रत्येक होडीतून येत असावी: "भाऊ, उडवा की जरा!" पैसे मोजलेत, तर पक्ष्याने पंख उघडून दाखवायला नकोत? साड्यांच्या दुकानात बसल्यासारखा सगळा कारभार. रोहिताला आधी पाण्यावर धावावं लागतं, मग तो हवेत जातो. भरल्या ताटावरून उठून एवढी धावाधाव करायची ती कशासाठी, तर भाच्याच्या रीलसाठी.

होडीवाल्याने इंजिन केव्हाच बंद केलं होतं. बांबू टेकवत तो शांतपणे म्हणाला, "खायला आलेत ते, दादा. सारखं उडवलं तर दुसरीकडं जातील. मग तुमी कशाला याल?" यावर साडूंनी टाळ्या वाजवून बघितल्या.

राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नातेवाइकांनी त्या आठवड्यात होडीत तोंड बंद ठेवावं, एवढं एक कलम त्यात घालायला हवं होतं.

दुपारी तळलेल्या चिलापीचं ताट समोर आलं आणि सहल यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. कुणालाही दुर्बीण लागली नाही.

तेव्हा यंदा ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी कळवावं. कपडे मातकट किंवा हिरवे, स्पीकर घरी, गाडी पाचला सुटेल. ज्यांना जमणार नाही त्यांनी दुपारी थेट जेवायला यावं. मासे तेच असतात.