ॲपधारी बाप

ॲपधारी बाप ही जात हल्ली शहरी महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पुण्याच्या कोथरूड-बाणेर पट्ट्यात तिची दाटी जरा जास्त. चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली की पत्नी आईला फोन लावते आणि हा ॲप डाउनलोड करतो. ॲप शेवटच्या पाळीची तारीख विचारते, कारण गरोदरपणाचे चाळीस आठवडे तिथूनच मोजतात. पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो. हे गणित तो पुढे भेटेल त्याला समजावतो, मागितले नसले तरी.

या जातीचे मुख्य लक्षण फळ. ॲप बाळाचा आकार दर आठवड्याला एकेका फळाने सांगते आणि सोमवार उजाडताच ते घरच्या ग्रुपवर जाहीर होते. सातव्या आठवड्यात ब्लूबेरी. तो फोटो पाठवतो. ‘करवंद म्हणा की!’ असा आजेसासूबाईंचा निकाल येतो. बाराव्यात लिंबू येते तेव्हा सगळ्यांना हायसे वाटते. विसाव्यात केळे, पण वसईचे की जळगावचे, हे ॲप सांगत नाही. त्यावर दोन दिवस वाद चालतो. बाविसाव्यात पपई. गर्भारशीसमोर पपईचे नाव काढल्याबद्दल सासूबाई पहिल्यांदाच चारचौघांत सुनावतात: ‘जावईबापू, बाळ आहे ते, मंडई नव्हे!’ तरी डोहाळजेवणात ओटीतला नारळ उचलून ‘सध्या एवढं’ असे दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

दुसरे लक्षण नोंदी. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा. पत्नी कुशीवर पडलेली असते आणि हा शेजारी फोन धरून ‘आता मारली का?’ असे इतक्यांदा विचारतो की अखेर लाथ भलत्याच दिशेने येते. ॲपने दिलेल्या नेमक्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळे जन्मतात. हे तोच सर्वांना सांगतो आणि रजा मात्र त्याच तारखेपासून टाकतो.

जन्मानंतर फळे संपतात. ॲप आता डायपरचे आकार सांगते, खाली ‘आत्ताच घ्या’ असे बटण. घरात शेक, धुरी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांचे राज्य सुरू होते; त्यात जावयाला कुणी विचारत नाही. रात्री मात्र तोच जागा असतो. सहाव्या दिवशी बाळ जरा मलूल वाटते म्हणून वरात दवाखान्यात जाते. ‘चोवीस तासांत शू किती वेळा?’ डॉक्टर विचारतात. दोन्ही आज्या एकमेकींकडे पाहतात. हा मान वर न करता वाचू लागतो: पहाटे तीन दहा, पाच चाळीस, सव्वाआठ... एकूण सात. डॉक्टर बाळाला तपासून ‘उत्तम’ म्हणतात. सासूबाई काहीच बोलत नाहीत. फक्त त्या रात्री बाळंतिणीच्या डब्यातला एक लाडू जावयाच्या बशीत पडतो.

दुसऱ्या खेपेस ही जात सहसा आढळत नाही. ॲप जुन्या फोनबरोबर गेलेले असते आणि कितवा आठवडा असे कुणी विचारले, तर तो पत्नीकडे पाहतो. धाकटे अपत्य कोणतेही फळ न होता जन्माला येते.