नवरीचा रंग कोण ठरवतो?

गेल्या मोसमातला लग्नाचा कोणताही अल्बम उघडा. नवरी बीडची असो, सावंतवाडीची असो की चंद्रपूरची, करिझ्माच्या जाड पानांवर सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. गाल गुळगुळीत, कपाळावर एक रेघ नाही, रंग दुधात चिमूटभर केशर टाकल्यासारखा. हात मात्र दुसऱ्याच मुलीचे वाटतात, कारण एडिटिंगचा ब्रश चेहऱ्यावर फिरला आणि मनगटापर्यंत पोचलाच नाही. हळदीच्या फोटोंत तर हळदसुद्धा फिकी पडलेली असते. जिचं लग्न झालं ती मुलगी त्या अल्बममध्ये नाहीच.

याचं खापर एकट्या एडिटरवर फोडू नका. त्याच्या आधी यंत्राने रंग ठरवलेला असतो आणि यंत्राच्या आधी ते बनवणाऱ्यांनी. छायाचित्रणाचं तंत्र दर पिढीला बदललं, पण कोणता चेहरा 'बरोबर' याचं उत्तर प्रत्येक वेळी त्यात आधीच भरून आलं. ते उत्तर पुसायची ताकद आज आपल्या हातात आहे. ती आपण आपलाच चेहरा पुसायला वापरतो, आणि याचा मला संताप येतो.

थोडं मागे जाऊ. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला आंधळी होती. निळं तिच्यावर पांढरं उमटे, लाल आणि तपकिरी काळं पडे. म्हणून नटांच्या तोंडावर रंगाचे थर चढत. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रुळली आणि ती अडचण सरली. मग रंगीत फिल्म आली आणि नवी अडचण घेऊन आली.

तिचं नाव शर्ली. कोडॅक कंपनी प्रिंट काढणाऱ्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. पहिली मॉडेल कोडॅकमधलीच कर्मचारी होती, शर्ली पेज. पुढे मॉडेल बदलत गेल्या, तरी कार्डाचं नाव 'शर्ली कार्ड'च राहिलं. लॅबवाला यंत्राचे रंग या कार्डाशी जुळवून घ्यायचा. शर्लीची कातडी बरोबर उतरली की यंत्र बरोबर. मग त्याच यंत्रातून काळ्या मुलाचा फोटो निघे तेव्हा डोळे आणि दात तेवढे दिसत, बाकीचा चेहरा अंधारात जाई. गोरी आणि काळी मुलं एका फोटोत असली की बिघाड आणखी उघडा पडे. आयांनी तक्रारी केल्या. पण सुधारणेला खरा जोर आला तो १९६० आणि ७०च्या दशकांत, लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या जाहिरातींत शिसवी आणि अक्रोडी लाकूड वेगळं दिसत नव्हतं, गडद आणि दुधाळ चॉकलेट एकसारखं येत होतं. माणसांसाठी जे घाईने झालं नाही ते लाकडासाठी झालं. अनेक रंगांच्या माणसांची कार्डं यायला १९९०चं दशक उजाडलं.

त्याहून कडू गोष्ट पोलरॉइडची. त्यांच्या आयडी-२ या ओळखपत्राच्या कॅमेऱ्याला फ्लॅशचा उजेड वाढवण्याचं एक बटण होतं. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत काळ्या नागरिकांवर 'पासबुक' नावाचं ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती होती आणि त्या पासबुकांचे फोटो पोलरॉइडच्या यंत्रणेवर निघत. कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या कंपनीतल्याच दोन काळ्या कर्मचाऱ्यांनी १९७० मध्ये याविरुद्ध आवाज उठवला. १९७७ मध्ये पोलरॉइडने त्या देशातून काढता पाय घेतला. गडद चेहरा नीट टिपणं तंत्राला अशक्य नव्हतं. राजवटीला तो नजरेखाली हवा होता तेव्हा तो नीट टिपला गेला.

आता घरी येऊ. आपल्याकडच्या स्टुडिओंत डिजिटलच्या आधीही चेहरे उजळले जात. रिटचिंग करणारा कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचा. निगेटिव्हवर जिथे पेन्सिलीचा काळा थर बसतो, तिथे प्रिंट उजळते. म्हणजे गोरेपणाची हाव संगणकाने आणलेली नाही, ती आपली जुनीच आहे. पण त्या पेन्सिलीला वेळ लागे, हात बसलेला लागे, नजर लागे. म्हणून भिंतीवर लावायच्या एखाद्या मोठ्या फोटोलाच ती लागे आणि बाकीचा रोल जसाच्या तसा धुऊन येई. त्या साध्या प्रिंटांत आपल्या आज्या, मावश्या खऱ्या रंगात उरल्या आहेत. आता एक प्रीसेट एका टिचकीत पूर्ण लग्नावर चढतो. काम फुकट झालं आणि निर्णयही कुणी घ्यायचा उरला नाही. या तंत्राचा खरा घाव इथे आहे. कष्ट होते तोवर हे करायचं की नाही, असा प्रश्न तरी एका माणसाच्या मनात येत होता.

फोनने तर तो प्रश्न बटण दाबायच्या आधीच निकालात काढला. आजचा फोन एकापाठोपाठ अनेक चित्रं टिपून ती एकत्र शिवतो, चेहरा ओळखतो, उजळतो, गुळगुळीत करतो आणि मग तुम्हाला दाखवतो. कित्येक फोनांत 'ब्युटी' आपोआप चालू असते आणि ती बंद कुठे करायची हे शोधावं लागतं. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनांत ही सोय आपोआप चालू राहणार नाही असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी पिक्सेल ६ सोबत गडद कातडी तिच्या खऱ्या छटेत टिपणारं 'रिअल टोन' आणलं. २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी स्वीकारली. आधी कातडीच्या सहा प्रकारांवर भागवलं जायचं. हे शहाणपण आपोआप आलं नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा पाहून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आकडे समोर ठेवल्यावर कंपन्या हलल्या. आपण आकडे मागत नाही, तक्रार करत नाही, उलट स्लायडर आणखी उजवीकडे सरकवतो. २०२० मध्ये एका क्रीमला आपल्या नावातला 'फेअर' काढावा लागला आणि आपण त्याचं स्वागत केलं. तोच 'फेअर' खिशातल्या कॅमेऱ्यात आपण सुखाने बाळगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःचा फोटो टाकून एआयकडून जुन्या सिनेमातल्यासारखी साडीतली छबी बनवून घ्यायची लाट आली. मी पाहिलेल्या कितीतरी छब्यांमध्ये बाई मूळ फोटोपेक्षा उजळ झाली होती. तिने तसं मागितलेलं नव्हतं.

फोटोग्राफर मित्र म्हणतात, गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो. त्यांची अडचण मला कळते. शेवटचा हप्ता अल्बम पसंत पडल्यावर मिळतो आणि पसंती सांगायला मुलाची आत्या बसलेली असते. तरीही हे उत्तर मला मान्य नाही. याच महाराष्ट्राने नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहिला, 'सैराट' डोक्यावर घेतला. उन्हात रापलेल्या चेहऱ्यांना पाहायला थिएटरं भरली आणि तोवरच्या कोणत्याही मराठी सिनेमाने कमावले नव्हते इतके पैसे 'सैराट'ने कमावले. मुंबईच्या सफाई कामगारांचे सुधारक ओलवे यांनी काढलेले कृष्णधवल फोटो बघा. कातडीवरचा घाम, मळ, सुरकुती सगळं आहे आणि माणूस ताठ उभा आहे. गडद चेहरा लोकांना बघवत नाही हे खोटं आहे. तो नीट टिपण्याचे कष्ट आपण सोडून दिले, हे खरं आहे.

आणि ते कष्ट काही फार नाहीत. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं जग सरासरी मध्यम करडं धरून चालतो. सावळा नवरदेव पांढरा सदरा घालून उभा राहिला की मापक सदऱ्याला भुलतो, उजेड कमी करतो आणि चेहरा बुडतो. मग तो नंतर संगणकावर 'उजळावा' लागतो. त्याऐवजी माप चेहऱ्यावरून घ्या. भर दुपारच्या उन्हातून त्याला मंडपाच्या कडेला आणा आणि एका बाजूने रिफ्लेक्टर धरा. गडद कातडीचा घाट तिच्यावरच्या चकाकीतून उठतो, म्हणून पावडर थोपू नका. 'मूनलाइट' या २०१६च्या अमेरिकी चित्रपटात बॅरी जेन्किन्स यांनी नटांच्या चेहऱ्यांवर पावडरऐवजी तेलाची चमक ठेवली, आणि रात्रीच्या निळ्या उजेडातले ते काळे चेहरे कसे खुलतात ते बघा. आजचे सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त छटा धरतात. लाखभर रुपयांचा कॅमेरा घ्यायचा, त्याने टिपलेली सावळेपणाची प्रत्येक छटा जतन करायची आणि मग एका प्रीसेटने ती सगळी धुऊन काढायची, याला मी कला म्हणणार नाही. हा आळस आहे आणि त्याची किंमत मुली मोजतात. आपल्याच लग्नाच्या अल्बममध्ये जिला आपला चेहरा सापडत नाही, तिला तुम्ही सांगितलेलं असतं की तू होतीस तशी चालणार नव्हतीस.

यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर पॅकेज, ड्रोन, प्री-वेडिंग हे सगळं बोलायच्या आधी फोटोग्राफरला एक वाक्य सांगा: आमच्या मुलीचा रंग बदलायचा नाही. शक्य असेल तर करारात लिहून घ्या. अल्बमची पसंती आत्याकडून नको, नवरीकडून घ्या. आणि आजच आपल्या फोनचा कॅमेरा उघडून 'ब्युटी' शून्यावर आणा. घरातल्या मुलांच्या फोनवरही.