चि. मसुदा अधिसूचना हिस



पश्चिम घाटाचं पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र वाचवायला तू मार्च २०१४ मध्ये पहिल्यांदा जन्मलीस. मुदत संपली की जायचं, पुन्हा यायचं, असे दहा वर्षांत तुझे सहा जन्म झाले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडचा डोंगर कोसळला आणि ३१ जुलैला तू सहाव्यांदा अवतरलीस. मुहूर्त काढणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पत्रास कारण की, परवा आमच्या देवळात तुझ्या नावानं सभा झाली. तू आली नव्हतीस. तुझ्या वतीनं खडीच्या क्रशरचा मालक बोलला. घराला खिळा ठोकायचा तरी दिल्लीला अर्ज करावा लागेल, म्हणाला. गोठा नाही, परड्यातलं झाड तोडणं नाही. मागे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "नि नाचणी?" "नाचणी विसर आजी." मग हरकतीचा छापील कागद फिरला. शाईचा पॅडसुद्धा त्यानंच आणला होता.

बाई, मी तुला वाचलंय. तुझ्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर, नव्या औष्णिक वीजप्रकल्पांवर, लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या वर्गातल्या नव्या कारखान्यांवर. राहत्या घराची दुरुस्ती चालते. शेतीवर बंदी नाही. म्हणजे त्या देवळात भ्यायचं कारण एकट्या क्रशरवाल्याला होतं. त्यानं आपली भीती अख्ख्या वाडीला वाटून दिली आणि म्हातारीचा अंगठा घेऊन गेला.

आणि त्याला तरी काय बोल लावू? तू राजपत्रात येतेस हिंदी-इंग्रजीत, साठ दिवसांत हरकती मागतेस आणि गप्प बसतेस. माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ सालीच सांगितलं होतं की ग्रामसभांना विचारा, त्यांच्याशी बोलून ठरवा. त्याऐवजी २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटानं उपग्रहाच्या चित्रांवरून गावांच्या याद्या केल्या. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र तुझ्या पोटात आहे. त्यात राहणाऱ्याला कुणी एक पान मराठीत वाचून दाखवलं? एका तलाठ्यानं? एका आमदारानं? लाज वाटायला हवी! दरडी कोसळून माळीण झालं, तळीये झालं, इर्शाळवाडी झाली. दर वेळी ढिगाऱ्याशी मंत्री उभे राहिले, पण एकालाही तुझा कागद खिशात घालून वाडीत यावंसं वाटलं नाही.

जाता जाता, ते २० हजार चौरस मीटरचं कलम. तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला तू मनाई करतेस. आमच्या वरच्या अंगाला जेसीबीनं डोंगर कापून फार्महाऊसचे प्लॉट पाडलेत, पऱ्याला लाल चिखल येतोय. एकेक बंगला सुटा मोजला की सगळे तुझ्या खालून आरामात निघतात.

तरी तुझी कीव येते गं. सहा राज्यं तुझी आणि त्यातल्या कित्येकांना तू नकोशी. म्हणतात, आमच्याकडची गावं वगळा. तुला कायम मसुदाच ठेवायचं आणि मुदत संपली की पुन्हा जन्माला घालायचं, असा हा संसार.

सातव्यांदा येणारच असशील तर मराठीत ये. १ मेच्या ग्रामसभेला ये. जूननंतर वाडीचा रस्ता राहत नाही. आणि क्रशरवाल्याच्या आधी पोच.

कळावे.
यादीतल्या एका गावचा रहिवासी